आरोग्यविचार : मज्जारज्जूचें चित्र काय सांगतें ?

घरांतील एखाद्या माणसाच्या पाठीच्या कण्यास अपघातानें इजा झाली व हातपाय लुळे पडले, म्हणजे सर्व कुटुंबाच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : "हा पुनः चालूं लागेल काय ?" डॉक्टर टांचणीनें संवेदना व हातानें स्नायूंचें बळ तपासून रुग्णांच्या 'ए' पासून 'ई' पर्यंत पांच श्रेणी ठरवितात व त्यावरून अंदाज बांधतात. परंतु पहिल्या दिवसांत इजेच्या खालील मज्जारज्जूचें कार्य थंडावलेलें असतें. रुग्णही कित्येकदां गुंगींत असतो. अशा वेळीं ही परीक्षा फसवी ठरूं शकते.

येथें एम. आर. आय. चें साह्य होतें. बलवान चुंबक व रेडिओलहरी यांच्या योगें हें यंत्र शरीराच्या अंतर्भागाचें चित्र काढतें. या शोधाबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मज्जारज्जूंत रक्तस्राव दिसणें हें केवळ सूज दिसण्यापेक्षां वाईट लक्षण होय, हें पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. नवीन गोष्ट याच्या पुढची आहे.

सुमारें महिन्याभरांत सूज ओसरली, म्हणजे जखमेची सीमा स्पष्ट दिसूं लागते. तिच्या पुढच्या व मागच्या अंगास शाबूत राहिलेल्या पट्टीस संशोधक 'सेतु' म्हणतात. मेंदूचे निरोप खालीं जाण्यास हीच वाट उरलेली असते. तिची रुंदी मिलिमीटरांत मोजतां येते. २०२४ सालीं 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकांत झूरिक, जर्मनींतील मुर्नाउ व अमेरिकेंतील डेन्व्हर येथील, मानेच्या भागांत इजा झालेल्या २२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सेतु जितके रुंद, तितकी पुढील वर्षांत शक्ति व संवेदना सामान्यतः अधिक परतली, असें त्यांत आढळलें. तंतूंच्या दिशेनें पाणी कसें पसरतें हें पाहणारी 'डिफ्यूजन' पद्धतिही आहे. पण श्वासोच्छ्वासाची हालचाल व कण्यांत बसविलेल्या धातूच्या पट्ट्या तिच्या आड येतात.

मात्र वाचकांनीं या चित्रास जन्मपत्रिका समजूं नये. अनेक रुग्णांवरून काढलेला तो अंदाज आहे. एका माणसाचें विधिलिखित नव्हे. सेतु रुंद दिसला म्हणून व्यायामांत ढिलाई नको. अरुंद दिसला म्हणून रुग्णाची खाट कोपऱ्यांत सारून सर्वांनीं निराश होणेंही नको. कूस बदलणें, त्वचेची व मूत्राशयाची निगा राखणें, सांधे हलते ठेवणें, हीं कर्तव्यें दोन्हीं बाजूंस तींच आहेत. पाय चालले नाहींत, तरी हाताची पकड परतली तर स्वतःचा घांस स्वतः घेतां येतो; हा लाभ लहान नव्हे.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरांतून वडील मंडळी असा अहवाल रुग्णापासून लपवितात. त्यांत माया असते, पण न्याय नसतो. घर बदलावयाचें कीं नोकरी, शिक्षण पुढें कसें चालवावयाचें, हे निर्णय ज्याच्या आयुष्याचे आहेत, त्याच्यासमक्षच डॉक्टरांस चित्राचा अर्थ विचारावा. शरीर लुळें पडलें, तरी विचार करणारा माणूस तोच असतो.