स्टीडची छत्री आणि समीक्षेची पळवाट

‘द ॲव्हेंजर्स’ (१९६१–६९) या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतील जॉन स्टीड या गुप्तहेराविषयी लिहिताना समीक्षा सहसा दोनच वाटांनी जाते. एक वाट त्याच्या बोलर हॅटमध्ये, घट्ट गुंडाळलेल्या छत्रीत आणि जुन्या बेंटले मोटारीत अस्तंगत साम्राज्याविषयीची हळहळ वाचते. दुसरी या साऱ्याला विडंबन ठरवते आणि विडंबनाला राजकारणाचे प्रश्न विचारणे हे अरसिकतेचे लक्षण मानते. या भूमिका परस्परविरोधी भासतात. वस्तुतः हे चिन्ह कसे घडले आणि त्याच्या उपस्थितीत पडद्यावर कोणाला जागा उरत नाही, हे दोन्ही प्रश्न त्या सारख्याच सफाईने टाळतात.

प्रथम हळहळीचा मुद्दा. जानेवारी १९६१मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा कथेचा केंद्रबिंदू होता इयन हेंड्रीने साकारलेला डॉ. डेव्हिड कील. पॅट्रिक मॅक्नीचा स्टीड हा रेनकोट घातलेला, काहीसा संशयास्पद साथीदार होता. हेंड्री मालिका सोडून गेल्यावर स्टीड केंद्रस्थानी आला आणि त्याचा परिचित वेष क्रमाक्रमाने सिद्ध होत गेला. १९६५च्या पर्वापासून मालिका फिल्मवर चित्रित होऊ लागली. १९६६मध्ये ती अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर पोहोचली. तिचा ‘इंग्रजपणा’ सर्वांत गडद झाला तो याच निर्यातीच्या काळात. १९६७मध्ये तर स्टीडच्या काही सुटांची रचना पॅरिसच्या पिएर कार्दँने केली. ज्याला स्मृतीचा अवशेष म्हटले जाते, तो बाजारासाठी घडवलेला माल होता.

विडंबनाचा मुद्दा अधिक चिवट आहे. मालिकेचे प्रमुख लेखक आणि पुढे निर्माते झालेले ब्रायन क्लेमेन्स यांनी तिच्या काल्पनिक प्रदेशाचे नियम स्वतःच सांगितले आहेत: तेथे गणवेशातला पोलीस नको आणि कृष्णवर्णीय माणूसही नको, कारण ते आले की सामाजिक वास्तवाचा मापदंड लागू होईल आणि सारा डोलारा हास्यास्पद ठरेल. मालिकेतील रस्ते रिकामे का, याचे उत्तर येथे मिळते. लंडन ट्रान्सपोर्टने १९५६पासून बार्बाडोसमधून कामगार भरती केले होते. १९६२च्या कॉमनवेल्थ इमिग्रंट्स ॲक्टने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या प्रवेशावर बंधने आणली होती. संसदेत जो प्रश्न कायद्याने हाताळला जात होता, तो पडद्यावर रूपाच्या नियमाने मिटवला गेला. रूप येथे आशयाचे भांडे नाही. वगळण्याचे काम रूपच करते.

यावर ‘स्मॉल गेम फॉर बिग हंटर्स’ (१९६६) या भागाचा दाखला दिला जाईल, आणि तो वजनदार आहे. त्यात एक कर्नल इंग्लंडमधल्याच घरात उभारलेल्या कृत्रिम अरण्यात राहतो आणि आपण अजून कलाया या काल्पनिक वसाहतीतच आहोत असे मानतो. साम्राज्यवादाची येथे उघड टिंगल आहे. स्वतंत्र कलायाचा कृष्णवर्णीय गुप्तहेरही येथे भेटतो. म्हणजे नियम मोडता येत होता. परंतु तो कोणासाठी मोडला गेला? दूरच्या राष्ट्राच्या प्रतिनिधीसाठी, स्टीडच्याच व्यवसायातील पाहुण्यासाठी. लंडनच्या बसमधील कंडक्टरसाठी नव्हे. साम्राज्य एका भ्रमिष्टाच्या खोलीत कोंडून त्याला हसता येते, आणि त्याच साम्राज्यातून आलेला शेजारी मात्र अदृश्य ठेवता येतो. विडंबन आणि वगळणूक यांत विरोध नाही. पहिल्याने दुसरीला निर्दोषत्व बहाल केले आहे.

केथी गेल आणि एमा पील या लढाऊ नायिका मालिकेने दिल्या, हे श्रेय निर्विवाद आहे. युद्धातला संहार पाहिलेल्या मॅक्नीने स्टीडच्या हाती पिस्तूल देण्यास विरोध केला, हेही आदरणीय आहे. परंतु एका दिशेने मोकळी झालेली संहिता दुसऱ्या दिशेने बंद असू शकते. श्रेयाच्या नोंदीने ती उघडत नाही.

कलावाद आणि जीवनवाद यांच्या दीर्घ वादात मुरलेल्या मराठी समीक्षेने तरी ही पळवाट ओळखायला हवी. लोकप्रिय संहितेला ‘निव्वळ खेळ’ म्हणणाऱ्याने त्या खेळाचे नियम कोणी ठरवले आणि मैदानाबाहेर कोणाला उभे केले, हे सांगण्याची जबाबदारीही स्वीकारली पाहिजे.