‘असें झालें असतें तर?’

मनुष्याच्या बुद्धीस जीं सामर्थ्यें लाभलीं आहेत, त्यांत ‘असें झालें असतें तर?’ हा प्रश्न विचारण्याचें सामर्थ्य लहानसहान नव्हे. पशूस जें दिसतें तेवढेंच त्याचें जग. मनुष्य मात्र जें नाहीं त्याचेंहि चित्र मनांत रेखाटूं शकतो. हीच शक्ति सैल सुटली तर भ्रम उत्पन्न करिते, आणि विचाराच्या लगामांत राहिली तर नवी वस्तु निर्माण करिते. या दोहोंतील भेद मुलांस कसा शिकवावा, याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि त्यास निमित्त घेतलें आहे तें एका खेळाचें.

वाघोलीच्या मुलांस विमानांचें वेड लागावें यांत नवल नाहीं. लोहगांवचा विमानतळ आमच्या शेजारींच आहे. तेथें १९३९ सालीं वायुदलाचें ठाणें झालें. सुखोई-३० जातीचीं लढाऊ विमानें तेथें आहेत, आणि त्यांचा गडगडाट सुरू झाला म्हणजे वर्गांत शिक्षकास वाक्य अर्ध्यावर ठेवून क्षणभर थांबावें लागतें. अशा ठिकाणच्या मुलांनीं प्लॅस्टिकच्या संचांतून विमानांचे नमुने जोडावे, हें साहजिकच आहे. हा छंद जुना आहे. इंग्लंडांत १९३६ सालीं असे प्लॅस्टिकचे संच विकावयास आले. ते खऱ्या विमानाच्या ७२ पट लहान मापाचे होते, आणि तें माप आजहि रूढ आहे. या मापानें सहा फूट उंचीचा मनुष्य बरोबर एक इंच उंच होतो.

अलीकडे कांहीं मुलें याच्या पुढें एक पाऊल टाकूं लागलीं आहेत. संचाबरोबर आलेल्या सूचनांप्रमाणें विमान न जोडतां तीं एका संचांतील धड, दुसऱ्यांतील पंख व तिसऱ्यांतील इंजिनें घेतात, आणि जगांत कोठेंहि न झालेलें विमान तयार करितात. त्यास रंग देतात, त्यावर चिन्हें काढतात, आणि त्याचा एक इतिहासहि रचतात. हा प्रकार पाहून कित्येक पालक कपाळास हात लावतात. ‘चांगल्या दोन खेळण्यांची नासाडी केली,’ असें एक म्हणतो. ‘जें विमान कधीं झालेंच नाहीं, त्याचा उपयोग काय?’ असें दुसरा विचारतो. आमचें मत याहून निराळें आहे. हा खेळ नीट खेळला तर त्यासारखा शिक्षक विरळा. मात्र त्यास दोन अटी आहेत.

प्रथम नासाडीचा आक्षेप घेऊं. निरनिराळ्या यंत्रांचीं अंगें एकत्र करून नवें यंत्र उभें करणें हा पोरखेळ आहे, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं आपल्याच वायुदलाचा इतिहास पाहावा. दुसरें महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश वायुदलानें ‘लिबरेटर’ नांवाचीं अमेरिकन बनावटीचीं, चार इंजिनांचीं बाँबफेकी विमानें कानपूर येथें टाकून दिलीं, आणि तीं पुन्हां कोणाच्या उपयोगीं पडूं नयेत म्हणून मुद्दाम मोडून ठेविलीं. स्वातंत्र्यानंतर आपल्या वायुदलास भारी विमानांची निकड भासली. तेव्हां बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांतील कारागिरांनीं त्या मोडीच्या ढिगांतून एकाचें शाबूत अंग दुसऱ्यास जोडून सुमारें ४० विमानें पुन्हां उभीं केलीं. कानपुराहून बंगलोरास तीं उडवीत नेण्याचें जोखमीचें काम वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं केलें. १९४८ च्या नोव्हेंबरांत या विमानांचें पहिलें पथक तयार झालें. १९५१ सालीं ६ व्या क्रमांकाचें पथक हींच विमानें घेऊन पुण्यास उभें राहिलें, आणि समुद्रावरील टेहळणीचें काम त्याजकडे आलें. मोडींतून उठलेलीं हीं विमानें १९६८ पर्यंत सेवेंत होतीं. त्यांतील एक १९७४ सालीं लंडनजवळ हेंडन येथील संग्रहालयास देण्यांत आलें.

दुसरें उदाहरण चीन देशांतील आहे. १९४१ सालीं जपानी बाँबहल्ल्यांत एका डग्लस डीसी-३ जातीच्या प्रवासी विमानाचा पंख निकामी झाला. त्या जातीचा सुटा पंख हाताशीं नव्हता. होता तो आधींच्या डीसी-२ जातीचा, आणि तो सुमारें ५ फूट आंखूड. तोच पंख दुसऱ्या विमानाच्या पोटाखालीं बांधून नेला, मोडक्याच्या जागीं बसविला, आणि एक पंख लांब व एक आंखूड असें तें विमान सुखरूप उडालें! लोकांनीं त्याचें नांव ‘डीसी-अडीच’ असें ठेविलें.

तथापि या दोन्ही गोष्टींतील माणसें स्वैर कल्पना लढवीत बसलीं नव्हतीं. कोणतें अंग कोणत्या अंगास कां जुळेल, हें त्यांस ठाऊक होतें. येथेंच आमची पहिली अट येते. मुलानें जोडलेल्या प्रत्येक भागाविषयीं ‘कां?’ या प्रश्नाचें उत्तर त्याजपाशीं असलें पाहिजे. पंखांवर मोठीं इंजिनें बसविलींस, तर त्यांचे पंखे जमिनीस लागणार नाहींत काय? शेपटाकडे भार वाढविलास, तर विमानाचा तोल कोठें गेला? इंधन कोठें ठेवणार? अशा प्रश्नांपुढें भूमितीचें व पदार्थविज्ञानाचें पुस्तक आपोआप उघडतें. एकच गणित पाहा. लांबी ७२ पट कमी झाली म्हणजे पंखांचें क्षेत्रफळ ५,१८४ पट कमी होतें, परंतु घनफळ ३,७३,२४८ पट कमी होतें. म्हणून जें टेबलावर सुबक दिसतें तें तेवढ्यावरून आकाशांत उडेलच असें नाहीं. वस्तु मोठी होऊं लागली कीं तिचें वजन पंखांच्या क्षेत्रफळापेक्षां फार झपाट्यानें वाढतें. हें वर्ग व घन यांचें प्रकरण आम्ही फळ्यावर अनेक वर्षें शिकवीत आहों. ज्यानें एकदां आपल्या हातानें विमान जोडतांना त्याचा अनुभव घेतला, तो तें सहसा विसरत नाहीं.

कल्पनेस उत्तम खाद्य देईल असें एक विमान आपल्या देशांतच होऊन गेलें. जर्मन विमानशिल्पी कुर्ट टांक हे १९५६ सालीं बंगलोरास आले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखालीं ‘मरुत’ हें लढाऊ विमान आंखलें गेलें. १७ जून १९६१ रोजीं तें प्रथम उडालें. त्याची आकृति अतिशय डौलदार होती; परंतु ज्या अधिक शक्तीच्या इंग्लिश इंजिनाच्या भरंवशावर आराखडा रचला होता, तें इंजिन पूर्णत्वास गेलेंच नाहीं. कमी शक्तीचीं दोन इंजिनें घालून काम भागवावें लागलें, आणि सरळ सपाट उड्डाणांत ध्वनीच्या वेगापलीकडे जाण्याचा त्याचा हेतु शेवटपर्यंत साधला नाहीं. तरी अशीं १४७ विमानें बांधलीं गेलीं, आणि १९७१ च्या युद्धांत राजस्थानच्या आघाडीवर त्यांनीं आपली कामगिरी बजाविली. आतां एखाद्या मुलानें विचारलें, ‘मरुतास हवें तें इंजिन मिळालें असतें तर?’ आणि दुसऱ्या संचांतील मोठें इंजिन घेऊन तो खटपट करूं लागला, तर त्यास लागलीच दिसेल कीं हवा घेण्याचीं तोंडें रुंद करावीं लागतात, धडाचा मागील भाग फुगतो, तोल मागें सरकतो. पुढें तो विचारील कीं तें इंजिन कां मिळालें नाहीं. आणि मग त्यास कळेल कीं विमानाचें दैव केवळ आकृतींत नसतें, तें धातूंत, पैशांत व राष्ट्रांच्या परस्परसंबंधांतहि असतें. इतिहासाचा असा धडा कोणत्या क्रमिक पुस्तकांत सांपडेल?

दुसरी अट पहिलीहून महत्त्वाची आहे, आणि ती सत्याची आहे. कल्पना ही कल्पना म्हणूनच सांगितली पाहिजे. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर विमान उडविलें, अशी कथा अनेक ठिकाणीं छापलेली आढळते. तळपदे हे खरोखर होऊन गेले, आणि त्यांस विमानविद्येचा ध्यास होता, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तें विमान उडाल्याचा विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाहीं. या कथेशीं ज्याचा संबंध जोडतात त्या ‘वैमानिक शास्त्र’ नांवाच्या ग्रंथाची परीक्षा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं १९७४ सालीं केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकांतील आहे, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडूं शकणार नाहींत, असा त्यांचा निष्कर्ष पडला. असें असतां ती कथा मुलांच्या तोंडीं इतिहास म्हणून येते, हें आम्हांस घातक वाटतें. तळपद्यांचें विमान कसें असतें, याचा नमुना कोणी आवडीनें करील तर आम्ही त्याची पाठ थोपटूं. मात्र त्याखालीं ‘असें झालें’ असें न लिहितां ‘असें झालें असतें तर’ असें लिहावें. एका ‘तर’ या शब्दानें खोटें टळतें, आणि कल्पनेचा आनंद तिळभरहि उणा होत नाहीं.

कित्येक सुज्ञ पालकांचा आणखी एक आक्षेप आम्हीं ऐकला आहे. तो असा कीं, या खेळानें मुलांस युद्धाची गोडी लागते. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. पण त्यावर उपायहि याच खेळांत आहे. लिबरेटरचेंच भावंड जें ‘प्रायव्हेटियर’ विमान, त्यांतील कांहीं अमेरिकेंत २००२ सालापर्यंत जंगलांतील वणवे विझविण्याच्या कामीं वापरलीं जात होतीं. जेथें पूर्वीं बाँब ठेवीत, तेथें आग शमविणारें द्रव्य भरलें गेलें. मुलांस असें कां सुचवूं नये कीं, हेंच बाँबफेकी विमान पूरग्रस्तांस अन्न पोंचवूं लागलें असतें तर त्यांत काय बदल करावे लागले असते? दारें कोठें, सामान कोठें, उतरावयास धांवपट्टी किती? संहाराच्या साधनापेक्षां साह्याचें साधन आंखावयास अधिक बुद्धि लागते, हें मुलांस आपोआप उमजेल.

खर्चाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. हा खेळ मुळीं उरल्यासुरल्या भागांचा आहे. मोडलेले नमुने टाकूं नयेत, मित्रांनीं आपसांत भागांची देवघेव करावी, उणें पडेल तें पुठ्ठ्याचें करावें. ज्या मुलास प्रत्येक वेळीं नवा संच आणून दिला जातो, त्याची युक्ति बहुधा झोंपींच जाते. चिकटविण्याचे द्रव व धारेचीं पातीं हाताळतांना मात्र वडील माणसानें जवळ असावें, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या.

आमची सूचना एवढीच आहे कीं, पुढील स्नेहसंमेलनांत अशा नमुन्यांसाठीं एक टेबल मांडावें. प्रत्येक नमुन्यापुढें एक चिठ्ठी असावी, आणि तींत तीन गोष्टी मुलाच्या स्वतःच्या अक्षरांत असाव्या: कोणता भाग कोठून घेतला, तो कां घेतला, आणि हें विमान प्रत्यक्षांत कधीं झालें नाहीं. बक्षीस द्यावयाचें तें रंगाच्या चकाकीस न देतां चिठ्ठींतील दुसऱ्या उत्तरास द्यावें. पालकांनीं टेबलापाशीं येऊन ‘हें कितीला पडलें?’ असें न विचारतां ‘हें असें कां केलेंस?’ असें विचारावें, आणि उत्तर पुरें होईपर्यंत उभें राहावें. मुलगा अडखळेल, पुन्हां सांगूं लागेल, कदाचित् सांगतां सांगतांच त्यास आपल्या विमानाचा दोष दिसेल. तो दिसला म्हणजे आमचें काम झालें.