शेणखतातले कोष

मागच्या अंकात खतखड्ड्याविषयी लिहिले, ते वाचून खानापूर भागातल्या एका वहिनींनी निरोप धाडला : "खत उपसताना तांदळाच्या कणीएवढे कोष निघतात. हुमणीचे समजून औषध मारायचं काय?"

वहिनी, जरा थांबा. आधी बघून घ्या.

हुमणी म्हणजे आपली 'गोण्णे हुळू'. तिची अळी जाड, कोयरीसारखी वाकलेली आणि कोषही चांगला मोठा. कणीएवढा कोष तिचा नव्हे. शेणात असले बारीक कोष बहुधा दोघांचे. एक माशीचा : तपकिरी, पिंपासारखा. त्याला बाहेरून ना डोके, ना पाय. कारण अळीची शेवटची कातच वर कडक झालेली असते. दुसरा आखूड पंखांच्या भुंगेऱ्याचा, ज्याला इंग्रजीत रोव्ह बीटल म्हणतात. या कुळात ६०,००० हून अधिक जाती आहेत, पण आपल्या बोलीत त्याला वेगळे नाव मी तरी ऐकलेले नाही. 'हुळू' म्हटले की संपले!

भिंगाखाली हा कोष फार देखणा. डोके छातीकडे वाकवलेले, मिशा, पाय, सारे दिसते. वरच्या कडक पंखांच्या जागी अगदी आखूड पट्ट्या, म्हणून पाठीवर पोटाची वळी उघडीच राहतात. हीच खरी खूण. बहुतेक जातींत कोष पांढरा, मऊ, आणि पाय-मिशा अंगापासून सुट्या. जन्मणारा भुंगेरा तयार होत आला, की आधी डोळे काळे पडतात. शेणात राहणाऱ्या फिलॉन्थस आणि त्याच्या भाऊबंदांत मात्र पाय-मिशा अंगाला चिकटलेल्या, वर मधाच्या रंगाचे कडक कवच आणि मानेच्या पुढच्या कडेला राठ केसांसारखे काटे. हे काटे किती आणि कसे, यावरूनही अभ्यासक जात ओळखतात.

हे भुंगेरे माश्यांची अंडी, अळ्या खातात. अ‍ॅलिओकॅरा नावाच्या प्रकाराची तर कमालच. त्याची चिमुकली अळी माशीच्या कोषाला भोक पाडून आत शिरते आणि आतली माशी खाऊन टाकते. काही जाती तिथेच आपलाही कोष करतात. म्हणजे भाडेकरूच घरमालक! औषध मारले, तर माश्यांबरोबर हाही जायचा.

याच कुळातला एक मात्र जपून. भातशेतीतला काळा-नारिंगी पीडेरस पावसाळ्यात दिव्याला येतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की कातडीवर भाजल्यासारखा पट्टा उठतो. पुष्कळ घरांत त्याला नागीण, सर्पसुत्तु समजून उपचार चालतात. ते विष त्याच्या शरीरातले जंतू बनवतात, असे २००२ साली कळले. फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा. भातात तो तुडतुडे खातो, तेव्हा शेतात त्याला राहू द्या.

खताचे काय? ढीग उलथापालथा करा, औषध नको. पिंपासारखे आठ-दहा कोष बाटलीत ओलसर मातीवर ठेवून तोंडाला मलमलचे फडके बांधा. मुलांना रोज बघायला सांगा. माशी निघते की भुंगेरा, ते मला कळवा.