पावडर गोरं करायला नसते

मंडळी, लग्नसराई आली की आमच्या शेलूबाजारात सगळ्या नवऱ्या एकाच रंगाच्या दिसतात!

सेटिंग पावडरचं काम काय, तर फाउंडेशनवर बसून तेल-घाम टिपणं आणि मेकअप जागेवर धरणं. रंग बदलणं नव्हे. पण पावडर म्हणजे गोरेपणा हे आपल्या डोक्यात पक्कं. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातलं 'फेअर' गेलं, आपल्या मनातलं कधी जाणार?

माझं मत साधं आहे. पावडर आपल्या वर्णाची घ्यावी. जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात पाहावी. पफने दाबून थोडीच लावावी, घासू नये, उरलेली ब्रशने झटकावी. सिलिकाची पांढरी पावडर जास्त झाली, की फ्लॅशच्या फोटोत पांढरे डाग उमटतात. आणि टॅल्क असेल तर ती नाकात उडू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टॅल्कला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं आहे.

मी शिकवलेल्या सावळ्या, तरतरीत पोरी लग्नाच्या अल्बममध्ये मला ओळखू येत नाहीत, याचं वाईट वाटतं. असो. आयांनो, पार्लरवाल्या ताईंना एवढंच सांगा, "हिच्याच रंगाची पावडर लावा."