मातीतील औषध आणि उसाच्या फडावरील स्त्री

बीड जिल्ह्यातून दरसाल दसऱ्यानंतर ऊसतोडणीस बाहेर पडणाऱ्या स्त्रियांची दुखणी २०१९ साली राज्याच्या वेशीवर टांगली गेली. शासकीय समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढण्यात आली होती. या आकड्याने हळहळलेल्या सुशिक्षित समाजाने त्याच फडावरच्या दुसऱ्या एका दुखण्याकडे मात्र लक्ष दिले नाही. कोपीजवळ शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही आणि खाडा झाला तर दंड. तेव्हा पाणी कमी प्यावयाचे, लघवी दाबून धरावयाची आणि मूत्रमार्गाची आग अंगावर काढावयाची. फारच झाले तर कोणी देईल ती गोळी दोन दिवस घ्यावयाची. अशा अर्धवट औषधांनीच जंतू निर्ढावतात.

या निर्ढावलेल्या जंतूंवरील उतारा मातीत शोधला जात आहे, याचे वाचकांना नवल वाटू नये. वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ यांना १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन गवसले, ते मातीतील जंतूपासूनच. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधील हॅमायसिनही त्याच कुळातले. स्पेनच्या मातीतील जंतूपासून मिळालेले फॉस्फोमायसिन १९६९ साली जगापुढे आले आणि मूत्राशयाच्या साध्या दाहावर आजही त्याची तीन ग्रॅमची एकच मात्रा दिली जाते. त्याहून बोधप्रद कथा क्लॅव्युलॅनिक आम्लाची. हे द्रव्य स्वतः जंतूंना फारसे मारीत नाही. पेनिसिलीनचे तुकडे करणारे त्यांचे विकर ते निकामी करते, आणि हतबल झालेले जुने औषध पुन्हा लागू पडते. सर्वच विकरांपुढे त्याची मात्रा चालत नाही, हेही खरे. म्हणून संशोधक आता पुढे गेले आहेत. ई. कोलाय हा जंतू सूक्ष्म तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तरास चिकटतो व चिकट थराआड दडतो. तो थर विस्कटणारी आणि जंतूंचे परस्परांतील रासायनिक संकेत तोडणारी द्रव्ये मातीतील जंतूंत धुंडाळली जात आहेत. शत्रूस ठार न करता निःशस्त्र करण्याचा हा डाव आहे.

बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर आणि गोदाकाठच्या काळ्या रानात हा शोध का होऊ नये? जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांना त्यासाठी लागणारा पैसा फार मोठा नाही. मात्र काचेच्या बशीतील यशाचे ढोल वाजवण्याची आपल्याकडील हौस आम्हांस ठाऊक आहे. बशीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतची वाट अनेक वर्षांची असते, आणि ऊसतोडणीचा हंगाम तोवर थांबत नाही.

तेव्हा फडावर जाण्यापूर्वी तक्रार असलेल्या प्रत्येक स्त्रीच्या लघवीची जंतुपरीक्षा तालुक्याच्या ठिकाणी विनामूल्य व्हावी, तीत सापडणारे निर्ढावलेले जंतू अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात जतन व्हावेत, आणि मातीतून निघणारे प्रत्येक द्रव्य प्रथम त्यांच्यावरच पारखले जावे, अशी आमची मागणी आहे. आणि कोपीशेजारी पाणी व शौचालय नसेल त्या कारखान्यास गाळपाचा परवाना देऊ नये. एवढे करण्यास साखर आयुक्तांना कोणत्याही संशोधनाची वाट पाहावी लागणार नाही.