धावपट्टी झाली, बलुते गेले

विमान आभाळात उडते खरे, पण उतरावयास त्याला जमीनच लागते.

१९४२ च्या मार्चात जपानने रंगून घेतले आणि सरकारचे धाबे दणाणले. देशभर दोनशेहून अधिक विमानतळांचे काम निघाले. आपल्या वऱ्हाडातही १९४३ साली अकोल्याजवळ शिवणी येथे बांधकाम खात्याने विमानतळ उभारला. याच लढाईने कापसाचाही गळा दाबला होता. आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान, ते १९४१ सालीच तुटले.

त्या काळी सरकारच्या हाती दोन हत्यारे होती. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याने जमीन लढाईपुरती ताब्यात घेता येई, १८९४ च्या भूसंपादन कायद्याने कायमची. दुसऱ्यात बाजारभाव आणि वर शेकडा १५. पण कोणास? ज्याचा हक्क कागदावर सिद्ध होईल त्यास. फाळ शेवटणारा लोहार, तिफण भरणारा सुतार, दोर वळणारा मांग यांचा हक्क खळ्यावर असतो, कागदावर नसतो. खळेच गेले, मग बलुते कोण घालणार? त्यांना कोणी विचारलेही नाही.

लढाई १९४५ साली संपली, तळ राहिला. पुढे त्याच धावपट्टीच्या वाढीसाठी पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीवर बोट ठेवले गेले. शेतीच्या विद्येसाठी राखलेली जमीन, तीही विमानास हवी! यवतमाळजवळ भारीचा विमानतळ लढाईचा नव्हे, उद्योगाच्या नावाचा; २००९ साली तो खाजगी कंपनीस भाडेपट्ट्याने दिला गेला.

२०१३ च्या कायद्याने मात्र बाधित कुटुंबांत कूळ, बटाईदार, शेतमजूर आणि कारागीर यांना नावानिशी घेतले. अट अशी, की संपादनापूर्वी ३ वर्षे तेथे काम असावे आणि पोट मुख्यतः त्यावरच चालावे. आता सांगा, लोहाराने ३ वर्षांचा पुरावा आणावा कोठून? पायली दोन पायली ज्वारीची पावती कोणता पाटील देतो?

म्हणून आमचे म्हणणे असे, की ग्रामसभेने कारागीर व मजूर कुटुंबांची यादी दरसाल वाचून ठरावात नोंदवावी. नोटीस येण्याची वाट पाहू नये. आणि नोटीस आलीच, तर प्रथम कायद्याचे नाव वाचावे. उद्योगासाठी जमीन घेण्यास राज्याचा १९६१ चा निराळा कायदा आहे.