धरणाचे पाणी उतरते तेव्हा

ऑरेगनमध्ये राहणारी आम्ही काही कुटुंबे डिसेंबरातील एका रविवारी मुलांना घेऊन फॉल क्रीक जलाशयावर गेलो. उन्हाळ्यात ज्या पाण्यावर नावा पाहिल्या होत्या, तेथे पाणी नव्हतेच. तडकलेला गाळ, साठ वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडांचे काळे बुंधे आणि त्यांमधून वाहणारी एक बारीकशी नदी, एवढेच शिल्लक होते. आमच्यातील एका मुलीने विचारले, “काका, सगळे मासे मेले का?” आम्ही तिला सांगितले की, हे पाणी माशांसाठीच उतरवले आहे. तिचा विश्वास बसला नाही. तिच्या अविश्वासातही तथ्य होते, हे आम्हांला नंतर उमगले.

विलामेट नदीच्या खोऱ्यात अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाची तेरा धरणे आहेत. पूरनियंत्रण हा त्यांचा मुख्य हेतू. चिनूक सॅल्मन हा मासा समुद्रात वाढतो, परंतु अंडी घालण्यासाठी जन्माच्या नदीत परततो. धरणांनी त्याची वाट अडवली आणि १९९९ साली या खोऱ्यातील वसंत ऋतूत परतणाऱ्या चिनूकची नोंद धोक्यातील प्रजातींमध्ये करावी लागली. वर जाणाऱ्या मोठ्या माशांना पकडून ट्रकमधून धरणापलीकडे सोडता येते. खरा प्रश्न समुद्राकडे निघालेल्या पिल्लांचा आहे. ती पृष्ठभागाजवळून पोहतात आणि पाणी सोडण्याची मोरी मात्र तळाजवळ असते. जलाशय भरलेला असला की पिल्लांना वाट सापडत नाही. ती तेथेच अडकतात आणि बाहेरून आणून सोडलेल्या बास, क्रॅपी यांसारख्या शिकारी माशांच्या तोंडी जातात.

उपाय वरकरणी अगदी साधा होता. २०११ पासून फॉल क्रीकचे पाणी दर हिवाळ्याच्या तोंडाशी थेट नदीच्या पात्रापर्यंत उतरवले जाऊ लागले. पृष्ठभाग मोरीपाशी आला आणि पिल्ले प्रवाहाबरोबर बाहेर पडू लागली. ऑरेगन राज्य विद्यापीठाच्या आणि वनसेवेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, काही वर्षांतच लार्जमाऊथ बास आणि क्रॅपी हे दोन्ही परके शिकारी मासे त्या जलाशयातून नाहीसे झाले. स्थिर पाण्यावर जगणाऱ्यांचा आधार गेला आणि वाहत्या पाण्याची सवय असलेल्यांना नदी परत मिळाली.

येथेच गोष्ट संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पर्यावरणवादी संस्थांच्या दाव्यावरून संघराज्याच्या न्यायालयाने २०२१ मध्ये खोऱ्यातील इतर धरणांवरही असे उपाय करण्याचा आदेश दिला. त्यानुसार २०२३ च्या शरदात मिडल सँटियम नदीवरील ग्रीन पीटर धरणाचे पाणी प्रथमच इतके खोल उतरवण्यात आले. त्या जलाशयात कोकॅनी नावाचा मासा आहे. तो सॉकाय सॅल्मनचाच, परंतु समुद्राकडे न जाता गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारा भाऊबंद. तो थंड, खोल पाण्यात राहतो. खोल पाण्याच्या दाबातून मोरीवाटे तो एकदम बाहेर फेकला गेला, तेव्हा दाब अचानक घटल्याने त्याच्या पोटातील वाताशय फुगला. हजारो कोकॅनी धरणाखाली मरून पडले. उघड्या पडलेल्या तळाचा गाळही नदीत उतरला. खालच्या अंगाच्या स्वीट होम आणि लेबनॉन या गावांच्या जलशुद्धीकरण केंद्रांना कित्येक आठवडे त्या गढूळ पाण्याशी झगडावे लागले.

एकच मोरी, एकच उपाय. एका माशाला वाट आणि दुसऱ्याला मरण. आमच्या संगणकाच्या व्यवसायात एक शिस्त असते: प्रणालीत बदल करण्यापूर्वी तिच्यावर कोण कोण विसंबून आहे, याची यादी करावी. एका ठिकाणी निर्दोष ठरलेला बदल दुसऱ्या ठिकाणी घातक ठरू शकतो. पण यादी कोण करतो आणि तीत कोणाचे नाव राहून जाते, हे त्याहून महत्त्वाचे. या खोऱ्याचे मूळ रहिवासी कलापुया लोक. १८५५ च्या तहानंतर त्यांना येथून हलवून ग्रँड रोंडच्या राखीव प्रदेशात नेण्यात आले. सॅल्मन हा त्यांच्या जगण्याचा भाग होता. शंभर वर्षांनी धरणे उभी राहिली, तेव्हा त्यांचे नाव यादीत नव्हते. ग्रीन पीटरच्या वेळी नळाचे गढूळ पाणी पाहणाऱ्या गावकऱ्यांनाही आपले नाव शेवटी आले असेच वाटले.

धरण नको, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार दिला. पाण्याचा अतिरेक हे संकट मानून ते समुद्रात लोटण्यापेक्षा साठवून वापरावे, अशी मांडणी त्यांनी १९४५ मध्ये कटक येथे केली. त्यांचा आग्रह बहुउद्देशीय प्रकल्पांचा होता: पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक एकत्र. हा शब्द गांभीर्याने घेतला, तर एकाच पाण्यावर अनेकांचा हक्क आहे हे मान्य करावे लागते. मग त्या अनेकांमध्ये मासा आणि मासेमार यांचीही गणना व्हावी, हे ओघानेच येते.

आपल्यापैकी जे इंदापूर, करमाळा, माढा या भागांतून आले आहेत, त्यांना उजनी ‘मायनस’मध्ये गेल्याची बातमी नवी नाही. सुमारे ११७ टीएमसीच्या त्या धरणात निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठा म्हणून मोजले जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या साठ्याचाही मोठा भाग उपसला गेला. पाणी आटते तसे मासे उरलेल्या डबक्यांत दाटतात, पाणी तापते, प्राणवायू घटतो आणि लहान आसाच्या जाळ्यांत पुढच्या वर्षीचे बीजही सापडते. फॉल क्रीकचे पाणी माशांसाठी उतरवतात. उजनीचे पाणी ऊस, कारखाने आणि शहरांच्या तहानेसाठी उतरते. माशांचे काय होईल, हे मात्र शेवटी कळते ते होडीत बसलेल्या मासेमाराला.

परतताना त्या मुलीने पुन्हा विचारले, “मग पाणी उतरवायचे की नाही?” आम्ही म्हणालो, उतरवावे, पण हळूहळू आणि आधी विचारून. तिने लगेच विचारले, “कोणाला?” यादी तिथूनच सुरू करावी लागते.